घेते हं, साहेब

वाघमारे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका रिकाम्या खुर्चीशी बोलत होत्या. जोशी जेवायला गेले होते, त्यांच्या टेबलावर स्टेपलर पडला होता. मॅडम आल्या, खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "जोशीसाहेब, स्टेपलर घेते हं," कागद टाचले, स्टेपलर होता तसा तिरका ठेवला आणि गेल्या. ऑफिसमधला माझा पहिलाच आठवडा होता. मला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय.

मग कळलं की ही त्यांची सवयच आहे. कुणाचंही काही घेताना, माणूस समोर असो नसो, "घेते हं" म्हटल्याशिवाय त्यांचा हात पुढे जात नसे. आणि त्या सगळ्यांना साहेब म्हणत. मालकांना साहेब, जोशींना साहेब, चहा आणणाऱ्या तुकारामलाही साहेब. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "एकाला म्हणायचं आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे कोणाला म्हणायचं ते लक्षात ठेवावं लागतं. त्यापेक्षा सगळेच साहेब. डोक्याला त्रास नाही." यात खऱ्या साहेबांच्या वाट्याला विशेष काही उरत नसे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्यात विजेच्या प्रत्येक खांबावर कॉम्प्युटर कोर्सची जाहिरात, आणि लग्नाच्या बाजारात व्हिसाला पत्रिकेपेक्षा जास्त मान. आमची कंपनी कर्वे रस्त्यावर साड्यांच्या दुकानाच्या वर होती. मशीनना धूळ लागू नये म्हणून चपला बाहेर काढून आत जायचं. मालक बापट साहेब. त्यांनी अमेरिकेतल्या एका कंपनीचं काम मिळवलं होतं, बांधकामाची यंत्रं भाड्याने देणारी कंपनी होती ती. काम जावा या नव्या कॉम्प्युटर भाषेत करायचं होतं. जावा आमच्यापैकी कोणालाच धड येत नव्हती. आम्ही जुन्या वळणाची माणसं, एकाच लांबलचक फाइलमध्ये सगळा प्रोग्राम कोंबणारी.

वाघमारे मॅडमनी ती महिन्याभरात आत्मसात केली, आणि बापटांच्या सांगण्यावरून आम्हाला शिकवायला उभ्या राहिल्या. तो तास मला अजून आठवतो. कुठे कुठे आठवतो, तेही सांगेन.

"जावात क्लास म्हणजे एक ठरावीक काम करणारा, नाव दिलेला तुकडा," त्या म्हणाल्या. "एका फाइलमध्ये एक क्लास ठेवा. फाइलचं नाव तेच क्लासचं नाव. दारावरची पाटी समजा. आता दुसऱ्याच्या फाइलमधला क्लास हवा असेल, तर आपल्या फाइलमध्ये अगदी वरती लिहायचं, इम्पोर्ट, अमक्या ठिकाणाहून अमका क्लास. घेते हं, म्हणून सांगायचं. मग खाली खुशाल वापरायचा. आत काय आहे ते बघायचंही कारण नाही."

"आणि कुठलाही घेता येतो?" जोशींनी विचारलं.

"ज्याच्यापुढे पब्लिक लिहिलंय तो बाहेरच्या कोणालाही घेता येतो. नाही लिहिलं, तर फक्त घरच्या माणसांना, म्हणजे त्याच फोल्डरमधल्या फाइलींना."

"आणि न सांगताच घेतला तर?" हे बापट. त्यांना असल्या ठिकाणी प्रश्न सुचायचे.

"कंपायलर ओरडतो, साहेब. माणसं ओरडत नाहीत, म्हणून तर प्रोग्राम तपासायला कंपायलर ठेवलाय."

यंत्र परत करायची तारीख काढणारा क्लास मॅडमनी लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'मुदत'. बापट वैतागले. "अहो, अमेरिकन माणसाला मुदत काय कळणार?" मॅडम म्हणाल्या, "कळायची गरज नाही, साहेब. त्याला नुसती वापरायचीय." क्लासच्या डोक्यावर, आमच्या रिवाजाप्रमाणे, लिहिणाऱ्याचं नाव होतं: र. वाघमारे. र म्हणजे रत्नमाला. आमच्या ऑफिसात हे किती जणांना माहीत होतं, कोण जाणे.

त्या खडकीच्या. वडील दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते, कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये राहत. एका रविवारी मॅडमनी मला आणि जोशींना जेवायला बोलावलं. बाहेरच्या खोलीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांचं कपाट, आणि दार सताड उघडं. शेजारची माणसं येत होती, मॅडमशी दोन शब्द बोलून जात होती. त्यांचं अमेरिकेला जायचं जवळजवळ ठरलं होतं. काम पोचलं की मागोमाग एक माणूस पाठवायचा आणि तो वाघमारे, असं बापटांनी सर्वांसमोर सांगितलं होतं.

"तिकडं थंडी लई असते म्हणतात," मॅडमचे वडील, काका, मला म्हणाले. "बाजारातल्या शिंप्याकडं कोट टाकलाय हिचा. लोकरीचा. आतून अस्तर."

"बाबा, अजून तिकीट नाही."

"तिकीट यायला किती वेळ? कोटाला वेळ लागतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आमच्याकडं पेटीवर तपासणाऱ्याचा शिक्का असतो बघा. पेटी कुठं उघडंल, कोण उघडंल, आपल्याला पत्ता नाही. शिक्का मात्र आपला. ही सांगते, तुमच्या कामातबी नाव वर घालतात. ते बरंय."

मी मान हलवली. मटण फार चांगलं होतं. हे असलं मला का आठवतं, कळत नाही.

आता पुढचं. यासाठी मी अनेकदा लिहायला बसलो आणि दर वेळी उठलो. आत्ताही पाणी पिऊन आलो.

भाडेकऱ्यांना पाठवायच्या सूचनांचा भाग माझ्याकडे होता. परतीची तारीख मला मॅडमच्या 'मुदत'मधून घ्यायची होती. काम पाठवायचा दिवस आला, आणि माझ्या मशीनवर इम्पोर्ट चालेना. असं काही ठिकाणच नाही, असं कंपायलर म्हणे. आज ते कोणीही सांगेल: मॅडमची फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते माझ्या मशीनला नीट सांगितलेलं नव्हतं. मॅडम चार टेबलं पलीकडे बसल्या होत्या. उठून विचारलं असतं तर काम झालं असतं. पण सकाळीच बापटांसमोर मी म्हणालो होतो, "जावा काय, दोन दिवसांची गोष्ट आहे." आता उठून मॅडमना विचारणं माझ्याच्याने होईना.

मी त्यांची फाइल उघडली, सगळा क्लास उचलला आणि माझ्या फाइलमध्ये खाली चिकटवला. एका फाइलमध्ये एकच पब्लिक क्लास बसतो, म्हणून त्यांच्या क्लासपुढचा 'पब्लिक' हा शब्द तेवढा खोडला. डोक्यावरचं त्यांचं नाव तसंच आलं. ते खोडायचं मला सुचलं नाही. कंपायलर गप्प बसला. काम गेलं.

त्यानंतर मॅडमना त्यांच्या क्लासमधली एक खोट सापडली. दोन दिवस चहाच्या वेळी त्या ज्याला त्याला विचारत होत्या. "जानेवारीच्या एकतीसला यंत्र नेलं, एक महिन्याने परत करायचं. कुठली तारीख?"

"नेणाऱ्याला विचारा," जोशी म्हणाले, "तो सांगेल मार्च."

"माझा प्रोग्रामही तेच सांगतोय. नेणाऱ्याला सामील झालाय." आणि हसत हसत त्यांनी तो दुरुस्त केला: फेब्रुवारीचा शेवटचा दिवस. दुरुस्त फाइल अमेरिकेला गेली. "एका जागी बदललं की सगळीकडे बदललं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर इम्पोर्ट करायचं. उचलून नेलं असतं तर घरोघरी फिरावं लागलं असतं."

मी तेव्हा तिथेच होतो, चहा पीत. माझी फाइल मला आठवली नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे आठवली होती. उद्या बघू, असं वाटलं.

सूचना चुकीच्या तारखेच्या गेल्या. यंत्रं वेळेवर परत आली नाहीत, पुढचे भाडेकरू खोळंबले. अमेरिकेतून ईमेल आला, त्यात चूक कुठे आहे ते दाखवण्यासाठी फक्त त्या क्लासच्या ओळी कापून पाठवल्या होत्या. वर नाव होतं र. वाघमारे.

बापटांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं आणि कागद मॅडमपुढे सरकवला. "आपलंच नाव ना हे?"

"नाव माझंच. पण ही ओळ मी बदललीय, साहेब." त्यांनी आपली फाइल उघडून दाखवली. बदललेली होती.

"आज बदललेली दिसतेय. तारीख आजची आहे फाइलवर."

"सकाळी दुसरं काही जोडलं म्हणून. ही दुरुस्ती आधीची आहे."

"असं होय. म्हणजे दुरुस्ती झाली आधी, आणि अमेरिकेला ती दिसत नाही. अमेरिका लांब आहे, पण इतकी नाही हो."

मॅडमनी तो कागद पुन्हा हातात घेतला. बराच वेळ वाचला. मला कळलं त्या काय बघताहेत ते. 'क्लास' या शब्दाच्या आधी 'पब्लिक' नव्हतं. त्यांच्या फाइलमध्ये होतं. म्हणजे हा त्यांचा क्लास कोणीतरी उचलून दुसऱ्या फाइलमध्ये ठेवला होता, आणि मुदत वापरणारा दुसरा माणूस कंपनीत एकच होता. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "साहेब, तुमच्या सूचनांमध्ये मुदत कशी घेतलीय?"

मी म्हणालो, "इम्पोर्ट केलीय."

एवढंच. दोन शब्द. मॅडमनी कागद घडी करून बापटांना परत दिला आणि म्हणाल्या, "ठीक आहे."

खोलीबाहेर आल्यावर चहा घेताना कोणीतरी म्हणालं, "सरकारी कोटा इथेही सुरू झाला वाटतं." दोघे-तिघे हसले. मी हसलो नाही. पण हातातला कपही खाली ठेवला नाही. मॅडमच्या जागी जोशी असते तर बापटांनी निदान सगळ्यांच्या फाइली मागवल्या असत्या. मॅडमच्या बाबतीत कोणाला तशी गरज वाटली नाही. का वाटली नाही, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि मला त्याचा फायदा झाला.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर गेलो. म्हटलं, निदान आपलं खोटं खरं करून टाकावं. जोशींकडून मशीनची ती भानगड नीट करून घेतली, माझ्या फाइलमधला चिकटवलेला क्लास काढला आणि वरती इम्पोर्ट लिहिलं. कंपायलर ओरडला. या वेळी त्याचं म्हणणं वेगळं होतं: मुदत हा क्लास पब्लिक नाही, तुम्हाला बाहेरून मिळणार नाही.

मॅडमनी तो शब्द काढून टाकला होता.

मी उठलो, ती चार टेबलं ओलांडली. "मॅडम, मुदतपुढचं पब्लिक काढलंत का?"

"कोणाला हवंय?"

"मला."

"तुमच्याकडे आहे की, साहेब."

तुकाराम ट्रे घेऊन मागे उभा होता. मला बोलायची ती शेवटची संधी होती, आणि मी फक्त उभा राहिलो. मॅडमनी कीबोर्ड जवळ ओढला, एक एक अक्षर टाइप करून 'पब्लिक' परत लिहिलं, फाइल साठवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घ्या."

अमेरिकेला मी गेलो. मॅडम काही महिन्यांनी नोकरी सोडून गेल्या. मी तिकडे राहिलो, परत आलो, मोठ्या कंपनीत लागलो, वारज्याला फ्लॅट घेतला. माणसाचं जसं होतं तसं सगळं माझं झालं. फक्त नवीन मुलांना इम्पोर्ट शिकवायची वेळ आली की मी तो तास दुसऱ्या कोणाकडे तरी द्यायचो. सगळ्यांना वाटायचं, सर आता मोठे झाले, असलं प्राथमिक शिकवत नाहीत.

एके दिवशी माझ्या टीममध्ये नव्याने आलेली अस्मा नावाची मुलगी माझ्या खोलीत आली. मी फोनवर होतो, पाठ तिच्याकडे होती. मागून आवाज आला, "सर, चार्जर घेते हं." मी फोन तसाच ठेवून दिला.

"हे कुठे शिकलीस?"

"काय, सर?"

"घेते हं."

ती लाजली. "सॉरी सर, सवय लागलीय. खडकीला आमच्या मॅडम होत्या ना, वाघमारे मॅडम. त्यांच्या क्लासमध्ये न सांगता कोणाचं रबर जरी घेतलं तरी उभं करायच्या."

मी त्या शनिवारी खडकीला गेलो. स्टेशनजवळच एका सायकलच्या दुकानावर त्यांच्या शिकवणीची खोली होती, दारात चपलांचा ढीग. मॅडमचे केस पांढरे झाले होते, बाकी त्या तशाच. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. मुलांना उदाहरण सोडवायला देऊन त्या बाहेर जिन्यात आल्या.

वर्षानुवर्षं मनात घोळवलेली वाक्यं मी भराभर म्हणून टाकली. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "हे मला माहीत होतं हो. मला का सांगताय?"

"तुम्ही माझी फाइल तेव्हाच उघडून का नाही दाखवलीत?"

"दुसऱ्याच्या फाइलमध्ये हात घालू नका, असं मीच तुम्हाला शिकवलं होतं. आणि दाखवली असती, तर ऐकू काय आलं असतं? स्वतःची चूक आता दुसऱ्यावर ढकलतेय." मग म्हणाल्या, "मी आठवडाभर वाट बघितली, साहेब. तुम्ही बापटांकडे जाल म्हणून. मग सोडून दिलं. पण बाबांनी नाही सोडलं. ते म्हणायचे, तुझा शिक्का होता ना पेटीवर? मग तपासायला नको? मी सांगितलं त्यांना, की चूक माझी नव्हती. ते म्हणाले, असं सगळेच म्हणतात."

"काका आता..."

"गेले. तो कोट त्यांनी उसवून आपल्या मापाचा करून घेतला होता. वाया कशाला घालवायचा म्हणाले. तोच घालून जायचे सकाळचे फिरायला. मला रोज दिसायचा."

मला जिन्यावर बसावंसं वाटलं. त्या उभ्या होत्या, म्हणून मीही उभा राहिलो.

"काय करू मी?" मी विचारलं.

"आत या. आज मुलांना दुसऱ्या फाइलमधला क्लास कसा वापरायचा ते शिकवायचंय. तुम्ही शिकवा. उदाहरण तुमच्याकडे चांगलं आहे."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण त्या आत जाऊन शेवटच्या बाकावर, मुलींच्या शेजारी बसल्यासुद्धा. मी खडू घेतला. फाइल, पाटी, इम्पोर्ट, पब्लिक, सगळं त्यांच्याच शब्दांत सांगितलं. मग म्हणालो, "एका कंपनीत एक प्रोग्रामर होता. त्याने इम्पोर्ट करायच्या ऐवजी दुसऱ्याचा क्लास उचलून आपल्या फाइलमध्ये चिकटवला." पुढचं सगळं सांगितलं, ईमेल, ती खोली, तो प्रश्न आणि ते उत्तर. मुलं ऐकत होती. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, किती फालतू माणूस!" सगळे हसले.

मागून मॅडमचा आवाज आला. "नाव सांगा, साहेब."

"कोणाचं?"

"ज्याने चिकटवला त्याचं. मुलं आता बाजारात उतरतील. नाव माहीत असलेलं बरं."

पोरं माझ्याकडे बघत होती, त्यांना गंमत वाटत होती. एवढा मोठा कंपनीतला माणूस आपल्या खोलीत आला, म्हणून काही जणींनी वहीत माझं नाव विचारून लिहून घ्यायचं ठरवलं होतं, तसं त्या कुजबुजतही होत्या. मी म्हणालो, "नाव काय महत्त्वाचं आहे? फार जुनी गोष्ट आहे. आता आठवतही नाही."

मॅडम उठल्या. पुढे आल्या, माझ्या हातातून खडू घेतला. "घेते हं," म्हणाल्या. आणि फळा पुसून पुढचं उदाहरण लिहायला लागल्या. मी कधी बाहेर पडलो ते मुलांच्या लक्षातही आलं नसेल.

पुन्हा गेलो नाही. जाईन, जाईन म्हणत राहिलो. गेल्या पावसाळ्यानंतर अस्मा एकदा डोळे पुसत खोलीत आली आणि म्हणाली, "सर, आमच्या मॅडम गेल्या." ती अर्धा दिवस सुट्टी मागायला आली होती. मी दिली. मीही येतो, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि मीटिंग आहे म्हणालो.

शिकवणी अजून चालते म्हणे, त्यांच्याच विद्यार्थ्यांपैकी कोणी चालवतात. त्या दिवशी बाकांवर होती ती मुलं आता कुठे कुठे नोकरीला असतील. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हे पडलं, तर माझा तास अर्धवट राहिला होता, तो इथे पुरा करतो. क्लास रत्नमाला वाघमारे यांचा होता. त्यात चूक होती, ती त्यांनी स्वतः शोधून वेळेत दुरुस्त केली होती. जी चूक अमेरिकेला गेली ती दुसऱ्या फाइलमधली. ती फाइल माझी. मला विचारलं तेव्हा मी इम्पोर्ट केलीय म्हणालो, ते खोटं होतं.

नाव, विद्याधर पेठे.